अडुसष्ट

वर नळ सुटला की तळघरात मला कळतं.
तांब्याच्या नळीला आधी कापरं भरतं,
मग पाणी धावतं, आणि मी मोजायला लागतो.
एक, दोन, तीन.
उऱ्हो माझा थोरला भाऊ. तो वर, मी खाली,
गॅसचं बिल निम्मंनिम्मं.
अडुसष्टाला त्याचं पाणी ऊन होतं.
अडुसष्टापर्यंतचं सगळं मोरीत.

थंडर बेला जानेवारीत सरोवरावरचा वारा
दार वाजवून आत येत नाही.
बॉयलर या टोकाला, उऱ्होचं न्हाणीघर त्या,
मधे चाळीस फूट उघडी नळी,
अंगावर चिंधी नाही.
आमचे डॉलर त्या चाळीस फुटांत
तळघरातल्या कोळ्यांना शेकवत जातात.

बोटीपासून आम्ही बोलत नाही.
कोणी विकली, केवढ्याला, ते जाऊ दे.
काही हवं असलं की तो चमच्याने नळी ठोकतो.
एकदा म्हणजे बर्फ काढायची पाळी तुझी.
दोनदा म्हणजे रेडिओ बारीक कर.
तीनदा कधी ठोकलं नाही. तीनचं काही ठरलेलंच नाही.

शनिवारी हायडुकच्या दुकानातून
फोमची नळकांडी आणली, काळी, पोटाशी चिरलेली.
सात नळकांडी, एक टेप, एकोणतीस डॉलर.
पावती जपून ठेवली.
हात वर न करणाऱ्या हट्टी पोराला
स्वेटर चढवावा, तसं चढवत गेलो.
सरळ नळी सोपी. कोपर अवघड.
तिथे तिरपं कापावं लागतं.
पहिलं उलटं कापलं. दुसरंही.
उघड्या राहिलेल्या कोपराला शेवटी
दोरीवरचा एक लोकरी मोजा गुंडाळला.
उरलेला तुकडा गार नळीला,
उन्हाळ्यात ती घामेजते, माझ्या खोक्यांवर ठिबकते.

सोमवारी पहाटे मोजलं. एकसष्ट.
एकोणतीस डॉलरांत सात आकडे!
स्वतःलाच एक शिवी हासडली, कॉफी ठेवली.

अर्ध्या तासाने, त्याच्या दाढीच्या वेळी,
पुन्हा नळ सुटला.
एक, दोन, तीन, चार,
आणि धार बारीक झाली.
वाटलं, काही बिघडलं.
नळीला हात लावला. गारही नाही, ऊनही नाही,
सगळी ऊब आत, पांघरुणात, पहाटेपासून तशीच.

मग काहीतरी आलं, लांबून,
उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखं.
एकदा? दोनदा?
फोमला कान लावून उभा राहिलो.

जिन्यावर पावलं.
अकरा हिवाळ्यांत पहिल्यांदा तो माझ्या दारात,
एका गालावर साबण.
"ठोकतोय कधीचा. ऐकू येत नाही?"
"किती वेळा ठोकलंस?"
"तीनदा."

मग त्याची नजर नळीवरून चालत गेली,
सबंध चाळीस फूट, घाई न करता,
आणि कोपराशी थांबली.
"मोजा माझा आहे."
"साडेचौदा डॉलर तुझे," मी म्हणालो.

गालावरचा साबण त्याने बाहीला पुसला.
"कात्री आण. कोपर चुकलंय तुझं."