परिच्छेद एकोणतीस

स्वान्सीत, चॅपेलच्या तळघरात,
ग्लेनिस टेबलावर दोन लिंबं ठेवते.
एक मंडईतलं.
एक प्लास्टिकचं, हिरव्या झाकणाचं, पोटात रस भरलेलं.
फळ्यावर लिहिते: रिअल.
"सांगा, यातलं रिअल कुठलं?"

हेमिन झाकण काढून थेंबभर जिभेवर घेतो,
डोळे मिटतो.
"रस खरा आहे. लिंबू खोटं."

या उत्तराची तयारी ग्लेनिसने केलेली नसते.
तिची हयात शाळेच्या भटारखान्यात गेली,
व्याकरण तिला पातेल्याइतकंच ठाऊक:
बुडाला लागलं की कळतं.

तरी ती सांगत जाते.
रिअल चामडं, म्हणजे जे कधीतरी चरत होतं.
रिअल मित्र, म्हणजे उसने परत न मागणारा
(इथे वर्गात बराच वाद होतो).
रिअल इस्टेट, म्हणजे घर, जमीन.
"मग आम्ही सहाजण एका खोलीत राहतो, ती काय?"
मागच्या बाकावरून कुणीतरी.

मी कोपऱ्यात चहाचं बघत असते.
माझ्या भाषेत 'खरं म्हणजे' असं म्हणून जे सुरू होतं
त्यात खरं जेमतेम निम्मं,
हे सांगावं म्हणून तोंड उघडते
आणि कप मोजत राहते.

सेनाइत कोट कधीच काढत नाही.
आज आतल्या खिशातून कागद काढते,
घड्यांवर इतका विरलेला
की त्यातून टेबल दिसावं.
तिसरं पान. परिच्छेद एकोणतीस.
परत गेल्यास तुम्हाला 'रिअल' धोका आहे
असे आम्हांस वाटत नाही.

"हे यातलं कुठलं लिंबू?"

पाइपमध्ये पाणी टकटकतं.
ग्लेनिस चष्मा काढते, पुसते, पुन्हा पुसते.
"म्हणजे धोका आहे, पण..."
पणच्या पुढे तिला काही सापडत नाही.
"इट्स अ रिअल शेम, लव्ह."

सेनाइत तेही वहीत उतरवते.
"इथे रिअल म्हणजे?"
"इथे काही नाही गं. नुसता जोर द्यायला."
"जोर," ती लिहिते. तिच्या लिपीत, उजवीकडे अर्थ.

मंडईतलं लिंबू हेमिनने चहासाठी चिरलेलं असतं.
उरलेलं दुसरं ती हातात घेते,
झाकण घट्ट करते, सैल करते.

"माझा पासपोर्ट खोटा होता," ती म्हणते.
"आत मी होते."