एक जानेवारी दोन हजार नऊ

घरातला एकुलता मोबाइल भावजींबरोबर बोटीवर जातो,
आठ-आठ दिवस परतत नाही.
तेवढे दिवस भाविकाचा अभ्यासही
हर्णै बंदराच्या पार पलीकडे, खोल पाण्यात.
‘मामा, तू बोटींचे फिश-फाइंडर उघडतोस,
मग मला एक कॉम्प्युटर जोडून दे,’
म्हणाली, आणि पेज ओरपायला बसली.

चिपळूणच्या भंगारवाल्याकडे डबा मिळाला, सहाशेला.
पुरात बुडालेल्या कुठल्याशा कचेरीतला.
उघडला तर पंख्याच्या पात्यांवर लाल गाळ,
आणि आतल्या पत्र्यावर, मदरबोर्डाच्या दोन बोटं खाली,
पाण्यानेच आखलेली एक सरळ रेघ.
रेघेवरचं वाचलं होतं.
खालचा वीजपुरवठा गेलेला, हार्ड डिस्क गेलेली;
कुणाकुणाची येणी-देणी असतील तिच्यात,
मी ती हलवून पाहिली, उगाचच.

वीजपुरवठा बर्फाच्या कारखान्यातून,
साडेतीनशे, आणि त्यांच्या काट्याची दुरुस्ती फुकट.
मॉनिटर दापोलीच्या पतसंस्थेचा,
उजवीकडे एक हिरवी उभी रेघ, कधीच न जाणारी.
मी म्हटलं, बदलून आणतो.
ती म्हणाली, असू दे, डोलकाठी आहे.

ताई सुकट निवडत दारातून बोलली,
‘एवढ्यात दुसरा मोबाइल आला असता.’
खरं तर नसता आला. पण मी वाद घातला नाही,
तोंडात स्क्रू होते.

बटण दाबलं. तीन शिट्ट्या.
‘काय म्हणतोय?’
‘काही आठवत नाही म्हणतोय.’
रॅम काढली. तिच्या सोनेरी दातांवर
आमची खारी हवा बसली होती.
ही हवा पत्रा सोडत नाही, बिजागरी सोडत नाही,
सुईसुद्धा डबीत गंजवते.
भाविकाने कंपासमधून खोडरबर काढला,
स्ट्रॉबेरीच्या वासाचा, वर्गात कुणाला न देण्याचा,
आणि एकेक दात घासला,
जीभ बाहेर काढून.
पुन्हा बटण.
एकच शिट्टी.
ताईच्या हातातली सुकट तशीच राहिली.

कीबोर्डावर एक कळ नव्हती.
नेमकी ब आणि भ ची.
म्हणजे हिचं नाव नाही, बाबा नाही, बंदर नाही, बोट नाही.
दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तेव्हा
तिथे तिसरीची शिंप चिकटवलेली होती,
फेव्हिक्विकने, तिच्या दोन बोटांच्या सालीसकट.
शिंप थोडी वाकडी दबते.
एका वेळी दोन भ येतात.
भ्भाविका, असं तिनं लिहिलं, आणि खोडलं नाही.

एकच खोड राहिलीय.
बोर्डावरचा छोटा सेल मेलाय,
म्हणून प्लग काढला की तो तारीख विसरतो.
रोज उठतो आणि म्हणतो,
आज एक जानेवारी दोन हजार नऊ.
पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती थबकली.
‘म्हणजे मी अजून नाहीच?’
‘नाहीस.’
‘आणि आई?’
‘आहे. लग्न व्हायचंय.’
‘तू?’
मी रत्नागिरीला, पॉलिटेक्निकच्या तिसऱ्या सत्रात,
नवा सोल्डरिंग गन घेतलेला, उधारीवर,
पुढच्या सत्राची फी भरायची मुदत दहा तारखेपर्यंत.
एवढं तिला सांगितलं नाही.
म्हटलं, ‘मी होतो असाच कुठेतरी.’

आता रोज संध्याकाळी ती आधी साल बदलते,
एकेक वर्ष पुढे,
आपला जन्म आला की जरा थांबते,
‘आले’ म्हणते, आणि पुढे जाते.
मग गणितं. मग बोटींची चित्रं, माउसने काढलेली,
सगळ्या डोलकाठीला टेकलेल्या.
झोपताना ताईचं जुनं लुगडं त्याच्यावर,
चारी बाजूंनी खोचून, हवा लागू नये म्हणून.

एकूण दोन हजार दोनशे दहा.
वहीत अजून एक ओळ लिहायचीय: सेल, तीस रुपये.
आणलाय मी.
गेले चार दिवस शर्टाच्या खिशात आहे.