ऋजुताचं सैन्य

वधूचं नाव ऋतुजा होतं.
मी प्रूफ तपासलं, सही केली,
आणि चारशे पत्रिकांवर सोनेरी अक्षरांत
ऋजुता छापून आली.

पार्टीने गठ्ठे काउंटरवर आणून आपटले.
मालक काही बोलला नाही. पगारातून कापले,
आणि नारायण पेठेतलं ते शटर ओढताना म्हणाला,
"घेऊन जा घरी तुझी ऋजुता."

तीनशे जीएसएमचा आयव्हरी बोर्ड. मागची बाजू कोरी.
रद्दीत घालायला हात धजेना.

तर असा मी सेनापती झालो.

पहिला भालाईत बोटभर उंचीचा.
दुसऱ्याला मिशा दिल्या, तिसऱ्याला मालकाचं नाक.
कात्री स्थिर धरायची, कागद फिरवायचा,
हे उमगेपर्यंत अकरा जणांचे कान गेले.
फेव्हिकॉल जास्त झालं की माणूस पोक काढून वाळतो.
कडा काळ्या स्केचपेनने भरायच्या,
नाहीतर शूरवीर लांबून पत्रिकाच दिसतो.
पायाला वॉशर. ते इम्तियाज बागवान देतो,
बोहरी आळीतून, किलोवर.
"एवढे कशाला रे?" त्याने एकदाच विचारलं.
पुढच्या रविवारी स्वतःच खेळायला आला,
चकचकीत वॉशर त्याच्या फौजेला, गंजके माझ्या.

कर्वेनगरात घैसासांच्या जेवणाच्या टेबलावर मांडतो.
बाकरवडीच्या खोक्यांचे बुरूज,
जुन्या परकराच्या निळ्या अस्तराची नदी,
घोड्याला सहा सेंटीमीटर, पायदळाला चार,
आणि मे महिना असला तरी पंखा बंद.
हा पहिला नियम. बाकीच्यांवर भांडण चालतं.

घैसासांचा पुतण्या शौनक बाणेरहून आला.
फोमच्या पेटीत परदेशी प्लॅस्टिकचे वीर;
एकेकाची किंमत ऐकून इम्तियाजने चहाचा कप खाली ठेवला.
"कागद?" शौनक म्हणाला,
आणि टेबलाच्या कडेशी डोळे आणून बाजूने पाहू लागला.
बाजूने आमचं सैन्य दिसत नाही.
नुसत्या उभ्या रेघा.
मी म्हटलं, "म्हणूनच बाण लागत नाहीत."

दोन वाजता वीज गेली.
घैसासांची तीस वर्षं वीज मंडळात गेलेली.
"पाचच्या आत येत नाही, लिहून घ्या."
कुणीतरी बटणं खालीवर करून पाहिली.
कुठलं कसं राहिलं, कुणी बघितलं नाही.

चार वाजून दहा मिनिटं.
शौनकचा शेवटचा बुरूज माझ्या घोड्यांनी घेरलेला,
फासा माझ्या मुठीत,
आणि पंखा फिरला.

वॉशर होते ते आडवे झाले.
वॉशर नव्हते ते उडाले:
फ्रिजवर, लोणच्याच्या बरणीत,
घैसासांच्या बनियनवर एक तिरंदाज.
प्लॅस्टिकचे वीर जागच्या जागी उभे,
लढायला समोर कुणी नाही.

मग चौघंही फरशीवर रांगत होतो.
शौनक एकेकाला पालथा उचलून वाचत गेला.
सहकुटुंब सहपरि
अगत्य येण्याचे
आहेर आणू न
चि. सौ. कां. ऋजु
"ही कोण, ऋजु?"
मी तोंड उघडायच्या आत इम्तियाज म्हणाला,
"यांची राणी."

जिंकलं कोण, हा वाद अजून मिटलेला नाही.
शौनक जाताना एक घोडेस्वार मागून घेऊन गेला,
कान गेलेल्यांपैकी.

राणी मी काढलीच नव्हती.
चारशे पत्रिका, तीनशेवर माणसं,
आणि जिच्या नावाचं हे सगळं मीठ
ती कुठल्याच लढाईला नाही.
जिचं लग्न ठरलं नाही, मोडलं नाही,
जी माझ्या झोपाळलेल्या नजरेतून
एका दुपारी जन्माला आली.

रात्री उरलेल्यांतली एक पत्रिका घेतली.
चेहरा तीनदा खोडला.
तलवार शोभेना, ढालही.
हातात शेवटी लाल पेन दिलं.
कापताना आधी मागून मोजून घेतलं,
नाव अख्खं बसेल असं.
काना, मात्रा, सगळं दोनदा तपासलं.

पायाला दोन वॉशर लावले.