मद्रासची वेळ

मोडीतली नऊ पत्रं. शिंत्रे मास्तरांनी
भिंग धरून वाचून दिली, चहाचे पैसे सोडले तर फुकट.
कागद गुळाच्या वखारीतला. एका अंगाला रव्यांचा हिशेब,
दुसऱ्या अंगाला माझे खापरपणजोबा, आदगोंडा,
मिरजेला दिलेल्या बहिणीला लिहितायत:

'चि. सौ. रत्नाक्कास जयजिनेंद्र.
तू रागावली असशील. मी आलो नाही असं नाही.
नऊच्या गाडीला मी नवाला हजर होतो,
गाडीच नव्हती.
मास्तर हसला. म्हणाला, कोल्हापुरात नऊ वाजलेत,
रेल्वेत नऊ वाजून चोवीस. रेल्वेची वेळ मद्रासची.
मद्रास कुठं, आपण कुठं!
सूर्य तिकडं आधी उगवतो हे कबूल,
पण तिकीट मी इथं काढायचं ना?'

मग चार ओळी म्हशीच्या. एक खोकल्याची.
आईनं दिलेली कुरडयांची पाटी फलाटावरच राहिली,
ती हमालाच्या पोरांनी संपवली,
'तळून की तशीच, ते कळलं नाही.'

चौथ्या पत्रात गाडी मिळालेली आहे.
(आदल्या रात्रीच जाऊन स्टेशनात झोपले होते.)
'रुकडीच्या पुलावर सगळा डबा गप्प.
पंचगंगेला हात जोडावेत तोवर ती मागं गेली.
समोरची म्हातारी ओरडली,
अरे, जरा मागं घ्या, पैसा टाकायचा राहिला.
माझाही मुठीतच राहिला होता.
तोच तुझ्या तान्हीच्या हातात दिला. आठवतं?
नदीचा आहे. खर्चू नको.'

मधली पत्रं गुळाची, भावकीची,
एका विहिरीच्या भांडणाची. मास्तरांना जांभया आल्या.

नववं रत्नाक्काचं. अक्षर तिचं नव्हे,
तिला लिहिता येत नव्हतं. बिकलम भरमू,
दिराचा पोरगा, नुकताच शाळेत घातलेला.

'अण्णा, जयजिनेंद्र. इकडं सर्व ठीक.
दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची,
त्याला सासूबाई सूर्य बघतात, मी गाडीची शिट्टी ऐकते.
संध्याकाळची गाडी तुमच्याकडं निघाली की भाकरी थापायला घेते.
शिट्टी अजून चुकली नाही.
ढगाळ दिवसात सासूबाईही आता मलाच विचारतात.
पैसा जपून ठेवलाय.'

खाली, शाई संपत आलेली, अक्षरं अंगावर पडलेली:
'हे काकीनं सांगितलेलं नाही.
शिट्टी झाली की ती आधी दारात जाते
आणि धूर दिसेनासा होईतो उभी राहते.
भाकरी त्यानंतर.'

मास्तरांनी एवढं दोनदा वाचलं.
दुसऱ्यांदा मी सांगितलं नव्हतं.