शेऱ्याचा रकाना

संकेश्वरची मराठी शाळा, मार्चअखेर.
देणगीतून आलेली एकसष्ट पुस्तकं
नि सोबत एक फॉर्म : योग्य, अयोग्य, शेरा.
मिरचीच्या लिलावाचा खाट खिडकीतून आत,
मी शिंकत शिंकत वाचतोय.

सात पुस्तकांत रहीमचाचा आहेत.
एकात अत्तर विकतात, दोनात पंक्चर काढतात,
उरलेल्यांत ईदला शिरखुर्मा आणतात
आणि वाटी ठेवून जातात.
पूर आला की पोराला वाचवतात.
कुणावर कधी खेकसत नाहीत.
त्यांची दाढ दुखत नाही. बायकोला नाव नाही.
आठव्या पुस्तकात घोडे, तलवारी, धूळ.
तिथं दाढी तीच,
फक्त भुवया जाड.

मी आठवं बाजूला ठेवलं,
सातांवर योग्यची खूण करत गेलो.
चाचा चांगलेच आहेत की.

तहसीन नदाफ, पाचवी ब,
पुस्तकांवर नंबर घालायला थांबलेली.
लगोरीत रडीचा डाव खेळते, पालीला घाबरते,
भागाकारात बाकी लिहायला विसरते,
घरी दखनी, दुकानात कन्नड,
माझ्याशी भांडायचं तर मराठी.
तिनं सातही पुस्तकं पुढून मागून बघितली.
"सर, ह्यांचं घर कुठल्या पानावर आहे ओ?"

मी पानं चाळली.
रस्ता होता, झाड होतं, हातगाडी होती,
दुसऱ्याचा उंबरा होता,
त्याच्या अलीकडं चाचांच्या चपला.

आम्ही पाटीवरची अक्षरं मोजणारी माणसं.
आपली ओळ वर का खाली, टाइप केवढा,
बसच्या कपाळावर मराठी आहे का नाही,
आजोबांपासून मोजत आलोय.
हे मोजायचं राहिलं.

दर वर्षी गाद्या पिंजायला देतो तिच्या बापाकडं.
पायरीवर उभा राहतो, हिशेब करतो.
कापूस उडतो, मी नाकाला रुमाल धरतो.
आत चहाचं भांडं वाजतं
आणि मी म्हणतो, असू दे, शाळा आहे.
रविवारी पण म्हणतो.
आतली भिंत कुठल्या रंगाची
विचाराल तर सांगता येणार नाही.

शेऱ्यात काय लिहू?
सोमवारी फॉर्म जायचाय.
तहसीननं तोवर पेन्सिलीनं
तिसऱ्या पुस्तकात, हातगाडीच्या मागं
एक दार काढलंय. दाराशी कोंबडी, एका पायाची.
"देणगीचं पुस्तक खराब केलंस."
"थांबा की ओ सर," मान वर न करता म्हणाली,
"खिडकी राहिलीय."