सातेरीच्या रोयणीवर

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी
सोयरू वेळीप देऊळ उघडायला गेला
आणि किल्ली हातात धरून तसाच मागं आला.
देवीचा मुखवटा कलला होता.

चोरी नव्हती. चांदीच्या हनुवटीखाली
रोयणीची माती फोडून
एकवीस अळमी वर आली होती,
टोकदार, राखाडी, अजून मिटलेली,
पाऊस ओसरायची वाट बघत
आडोशाला उभी असावीत तशी.

नऊपर्यंत सगळा वाडा जमला.
रामनाथ गांवकर म्हणाला, कोप.
जानकीमाय म्हणाली, प्रसाद.
फटू म्हणाला, रिवणच्या तिठ्यावर शंभराला सहाशे,
आणि सगळ्यांनी बघितल्यावर
तो छताकडे बघू लागला.
श्रावणात अळमी चालतात की नाही
यावर अर्धा तास गेला.

मग मला पुढं केलं.
सायन्स शिकते ना ही?
का उगवली, सांग.

मी म्हणाले, वाळवी लाकूड खाते, पण तिला ते पचत नाही.
म्हणून ती चघळून चघळून खाली त्याची पोळी रचते,
पोळीवर बुरशी लावते,
परकं तण उपटते, हवा खेळती ठेवते.
बुरशी लाकूड कुजवून मऊ करते,
आणि वाळवी तेच जेवते.

कुळागरच की, सोयरू म्हणाला.
मग यात भाटकार कोण
आणि मुंडकार कोण?

याचं उत्तर पुस्तकात नव्हतं.
मी पुढं गेले. हे जे वर दिसतं ते फळ.
बुरशी स्वतः खालीच असते, वर्षभर,
धाग्यांची, पांढरी, अंधारात.
ओल खोल पोचली की ती वर येते.
एक अळमं सावकाश उपटून बघा,
मागोमाग हातभर देठ येईल, थेट त्या पोळीपर्यंत.

उपटायला कुणी हात घातला नाही.

हे झालं कसं, जानकीमाय म्हणाली. का?

बी सोडायला, मी म्हणाले. वाऱ्यावर.
धुळीपेक्षा बारीक असतं.

हिथं वारा कुठला गो?

खरंच नव्हता. दार एक, खिडकी नाही,
आणि बाहेरच्या तीन रोयणी
एप्रिलात जेसीबीनं सपाट केलेल्या,
गाड्या लावायला. तो ठराव आमचाच होता.
कुणीतरी खोकलं.

म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली,
दाराची दुसरी फळी, जी जत्रेलाच उघडते,
ती खांद्यानं ढकलली,
आणि घरी गेली. तिची पेज चुलीवर होती.

तीन दिवस दार उघडं राहिलं.
कुत्री आत आली, एक बेडूक आला.
छत्र्या ताटलीएवढ्या पसरल्या, कडेनं चिरल्या,
चौथ्या दिवशी काळ्या पडून मातीत बसल्या.
वास आला. फटूनं नाक धरलं नाही,
तेवढं मी पाहिलं.

सोयरूनं मुखवटा सरळ केला.
देवीच्या डाव्या गालावर
फिकट गुलाबी भुकटी होती,
कुणी लावल्यासारखी.
त्यानं खांद्यावरचं फडकं घेऊन ती पुसली,
फडक्याचा वास घेतला,
आणि रोजच्या सवयीनं
पायरीवर उभं राहून
बाहेर झटकलं.