सुंगट

रायबंदरच्या धक्क्यावर दिवसभर मी माणसं हाकतो.
तोंडात शिट्टी, हात हवेत.
स्कूटर पुढे, बुलेट डावीकडे, मासळीची पाटी त्या कोपऱ्यात,
बाई, चाक जरा वळवा, अजून दोघं मावतात.
मग नदी. काही मिनिटांची.
तेवढा वेळ साठ-सत्तर जणं
एकमेकांच्या आरशांत नको तिथे बघत उभी,
आणि चोडणला फळी पडली की
जाळ्यातून सुटलेल्या तारल्यांसारखी कुठल्या कुठे.

संध्याकाळी घरी येतो
तर दारातच मला हाकायला कोणीतरी असतं.

वीतभर पाय. कान मात्र कोल्ह्याचे.
रंग उकडलेल्या कोळंबीचा, म्हणून सुंगट.
देवळामागे भाड्यानं राहणारं एक जोडपं जाताना
फ्रिज विकून गेलं, गाद्या विकून गेलं,
आणि हिला ठेवून गेलं एस्पेरान्साबाईकडे.
बाईंच्या मांजरांनी आठवड्यात निकाल लावला.
सुलक्षा म्हणाली, चार दिवस ठेवू.
त्या चार दिवसांना आता तीन वर्षं झाली.

गुरांचा डॉक्टर सांगतो, हिचे पूर्वज गाई राखायचे,
कुठल्याशा थंड मुलखात.
लाथ डोक्यावरून जावी म्हणून पाय आखूड.
मी म्हटलं, आमच्याकडे गुरं नाहीत.
तो म्हणाला, हे तिला कोण सांगणार?

एकदा दाखवली तिला खरी गाय,
खाजनाच्या बांधावर, रवंथ करणारी.
सुंगटनं वर पाहिलं, बराच वेळ वर पाहिलं,
आणि माझ्या पायांमागे जाऊन बसली.
परतताना मात्र मला नीट हाकत आणलं.

साडेसातला ती कामाला लागते.
अंगणातून आईला, हातातल्या वातींसकट.
मोबाईलसकट गौरांगला.
अर्धगोल घेत येते, पोट जमिनीला टेकवून,
टाचेला दात लावते. टोचत नाही,
सोलकढीतल्या मिरचीसारखं, आहे एवढंच कळतं.
सुलक्षाला हात लावत नाही.
ती आदोळीवर बसलेली, नारळ अर्धा खवलेला;
जी हलणार नाही तिच्याभोवती बाकीचे आणायचे,
एवढी अक्कल मला फेरीवर यायला सहा वर्षं लागली.

आम्ही चौघं स्वयंपाकघरात, भिंतीला लागून.
सुंगट मोजते.
नाक एकेकाकडे वळतं, आणि दर वेळी हिशेब चुकतो.

ही भिंत नंतरची. न्हाणीघरावरून झालेल्या भांडणाची.
पलीकडे दादा, वैनी, त्यांच्या दोन मुली,
आणि पाणी जावं म्हणून ठेवलेली एक मोरी,
जिच्यातून फक्त उंदीर जाईल असं गवंडी म्हणाला होता.

त्या दिवशी ती मोरीत शिरली.
आधी शेपटाविना पार्श्वभाग गेला, मग आवाज:
शू, शू! अगे, धर तिला! खुर्ची सरकली, ताट पडलं,
चार जणांची पावलं घरभर, मग एकाच बाजूला,
मग अगदी जवळ.
वैनी ओरडली, तुमचं कुत्रं आम्हाला भिंतीला लावतंय!
इकडे आम्ही आधीच लागलेलो.

कोणी काही बोललं नाही.
पलीकडून दादा खोकला.
थोड्या वेळानं मी खोकलो.
आईनं वाती तशाच हातात धरल्या होत्या.

सुंगट चिखलानं माखून परत आली,
आम्हाला मोजलं, पुन्हा मोरीत गेली, पुन्हा आली.
तिच्या लेखी कळप एकच होता,
मध्ये काहीतरी अडलं होतं, जे टाचेला चावून हलत नव्हतं.
दमून अखेर मोरीच्या तोंडाशीच झोपली,
डोकं इकडे, बाकीची तिकडे.

सकाळी आठच्या फेरीला दादाची स्कूटर होती.
आठ वर्षं मी त्याला हातानंच जागा दाखवतो, नजर नदीवर ठेवून.
गर्दी होती. शिट्टी काढली, म्हटलं, आत घे अजून.
त्यानं घेतली.
फळी उचलताना खाली वाकलो
तर त्याच्या पँटला, टाचेपाशी, दोन बारीक भोकं.
माझी तर चाळणच झाली आहे.